तेरवीचे पैसे

आमच्या गल्लीत सतरा घरं आहेत आणि सरकारदरबारी त्या सतरा घरांचा मोबाईल नंबर एकच, माझा. फोन आता सगळ्यांकडे आलेत, पोरांच्या खिशात तर दोन-दोन असतात. पण बँकेच्या खात्याला, आधारला, गॅसच्या कार्डाला, निराधारच्या अर्जाला जोडलेला नंबर माझाच. कारण साधं होतं. आधारवाले मशीन घेऊन शाळेत बसले होते तेव्हा गल्लीतल्या बायकांकडे एक तर फोन नव्हता, नाहीतर दर दोन महिन्यांनी बदलणारं कुठलं तरी सिमकार्ड होतं. मी अंगणवाडी सेविका, माझा नंबर टिकायचा. रांगेतली पहिली बाई म्हणाली, "अंगणवाडीच्या बाईचा टाका," आणि मागच्या सगळ्यांनी तोच टाकला. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी नाही म्हटलं नसतं. खरं सांगायचं तर मला तेव्हा जरा मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

तेव्हापासून कुणी तालुक्याला, कळमनुरीच्या आधार सेंटरवर गेलं, कुणाचं सिलेंडर आलं, कुणाचा अर्ज अडला, की ओटीपी माझ्या फोनवर येणार आणि पाठोपाठ फोन वाजणार, "बाई, आला का? सांगा लवकर." मी हातातलं काम टाकून सांगायची. आमचे मालक वैतागून म्हणायचे, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं." मी म्हणायची, असू द्या, तेवढंच पुण्य.

सांगण्याची एक रीतच पडून गेली होती. ओटीपी आला की सांगायचा, विचारत बसायचं नाही. पलीकडे माणूस मशीनसमोर उभं असतं, मागं रांग असते, सेंटरवाला कावलेला असतो आणि तो आकडा दहा मिनिटांत मरतो. "कोण बोलतंय, कशाला पाहिजे" असं विचारणारी बाई खडूस ठरते. मला खडूस व्हायचं नव्हतं. मेसेजात वर इंग्रजीच्या तीन-चार ओळी असायच्या, त्या मी कधी वाचल्याच नाहीत. त्यातला आकडा तेवढा शोधायचा आणि मोठ्यानं म्हणायचा. बरीच वर्षं हे असं चाललं आणि एकदाही काही बिघडलं नाही.

गल्लीच्या या तोंडाला आमची बौद्धांची घरं संपतात आणि रस्ता ओलांडला की मावशीचं घर. नात्यानं ती माझी कुणी नाही. लग्न होऊन या गावात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात तिनं मला विहिरीची वाट दाखवली, तेव्हापासून ती मावशी. सत्तरी ओलांडलेली, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. अजून निंदायला जाते, कापूस वेचायला जाते. आणि मिळेल तो पैसा बँकेत टाकते. कशासाठी, तर स्वतःच्या तेरवीसाठी.

तिचा नवरा गेला तेव्हा घरात दाणा नव्हता. तेराव्या दिवसाचं जेवण दिरानं घातलं. पुढं वीस वर्षं जावेनं प्रत्येक भांडणात तेच काढलं, "तुझ्या नवऱ्याला आमी वाटंला लावलं." ती जाऊ आता वारली, पण ते वाक्य मावशीच्या कानातून गेलं नाही. तिनं ठरवलं, आपल्या मागचं जेवण आपल्या कष्टाचं पाहिजे. गावानं पोटभर जेवावं, पानात बुंदी पडावी आणि कुणाला एक शब्द बोलायला जागा राहू नये. पन्नास हजार लागतील असा तिचा अंदाज होता आणि तेवढे तिनं जमवलेही होते. गव्हाची पोती, तेलाचे डबे, हरभऱ्याची डाळ, आचाऱ्याची मजुरी, सगळं तिच्या बोटांवर होतं.

मी तिच्याशी यावरून भांडायची. आमच्याकडे तेरवी नसते आणि मला तो सगळा खर्च वाया वाटायचा.

"मेल्यावर गावाला बुंदी चारण्यापरीस जित्तेपणी दात बसीव की."

"दात काय वर घिऊन जायचेत व्हय?"

"मंग बुंदी कुठं वर नेतीस?"

यावर ती दात नसलेलं हसायची आणि म्हणायची, "तुला न्हाई कळायचं, तू शिकलेली हाईस." हे बोलणं शंभर वेळा झालं असेल. मला आज त्यातला शब्द न् शब्द बोचतो.

पुढं सांगते त्या गोष्टीला तीन वर्षं झाली. कळमनुरीच्या बाजाराचा दिवस होता. मावशी सकाळीच सेंटरवर गेली होती, हयातीचा दाखला द्यायला. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा मशीनला अंगठा दाखवून सांगावं लागतं, नाहीतर निराधारचे पैसे बंद होतात. मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. फोन वाजला. अनोळखी नंबर होता, पण सेंटरचे फोन नेहमी वेगवेगळ्या नंबरांवरूनच येतात.

"ताई, सेंटरवरून बोलतोय. एक ओटीपी आला असेल बघा."

"मावशीचा व्हय?"

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "हो हो, मावशींचाच."

मावशी हे नाव त्याला मी दिलं. त्याच्याकडे ते नव्हतं. मी एका हातात पळी धरून, खांदा आणि कान यांच्यात फोन दाबून आकडा सांगितला. तो म्हणाला, "ताई, हा चालला नाही, दुसरा पाठवलाय." मी दुसरा सांगितला. रेंज जाते, आकडा चुकतो, हे रोजचंच. तिसरा सांगताना मी म्हणाले, "नीट ऐका हां दादा, सावकाश सांगते." चौथा सांगून झाल्यावर त्यानं धन्यवाद म्हटलं. सेंटरवाल्यानं मला कधी धन्यवाद म्हटलं नव्हतं. मला वाटलं, पोरगा नवीन दिसतोय, वळण चांगलं आहे.

दिवस मावळायच्या आधी मावशी पिशवी घेऊन रस्त्यानं येताना दिसली. मी दारातूनच विचारलं, "झालं का गं काम?"

"कशाचं काम! मशीन बंद हाय म्हणले. दिसभर लिंबाखाली बसून आले. कुणी चहाबी पाजला न्हाई."

"अन् ओटीपी? फोन आलता की मला सेंटरवरून. चार बार सांगितला."

"मशीनच बंद, तर फोन काहून करतील? तुला दुसऱ्या कुणाचा आला असंल."

ती तिच्या घरात गेली. मी उंबऱ्यावर बसले आणि पहिल्यांदा मेसेजच्या वरच्या ओळी वाचायला घेतल्या. माझं इंग्रजी बारावीचं, तेही विसरलेलं. एकेक अक्षर लावत गेले. पहिल्या मेसेजात कुठल्या तरी खरेदीच्या ॲपचं नाव होतं, नवीन खातं उघडल्याबद्दल स्वागत होतं आणि पुढं मावशीचं नाव, आडनावासकट. नंतरचे तीन बँकेचे होते. त्या चारही मेसेजांत लिहिलं होतं की हा आकडा कुणालाही सांगू नका. मी तो चारही वेळा मोठ्यानं, सावकाश, नीट सांगितला होता. त्यांच्यानंतर आणखी एक मेसेज आला होता, त्यात खात्यातली शिल्लक होती. चारशे आणि काही रुपये.

त्याच्या तीन दिवस आधी एका ग्रुपवर लिंक आली होती. विधवांचं अनुदान वाढणार आहे, नावं नोंदवा. मी पाच जणींची नावं भरली. आधार, खातं, एटीएम कार्डाच्या दोन्ही बाजू, सगळ्यांच्या कागदांचे फोटो माझ्या फोनमध्ये होतेच, कारण दर वेळी गाठोडी कोण सोडणार. मला कुणी भरायला सांगितलं नव्हतं. हौसेनं भरली. बाकी चौघींच्या खात्यात काही नव्हतं म्हणून त्या वाचल्या. मावशीच्या खात्यात तेरवी होती.

मी तिला त्या संध्याकाळी सांगितलं नाही. सरळ रस्ता ओलांडून जायचं आणि सांगायचं, वीस पावलांचं अंतर. मला ती वीस पावलं टाकता आली नाहीत.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या धान्याच्या खोलीत दार लावून मी त्या ॲपच्या माणसांना फोन लावला. आधी गाणं वाजलं, मग एक दाबा, चार दाबा, मग परत गाणं. शेवटी एक मुलगी हिंदीत बोलायला लागली. मी तिला सांगितलं की हे खातं खोटं आहे, ही म्हातारी आमच्या समोर राहते, तिनं आयुष्यात फोन हातात धरला नाही. ती मुलगी म्हणाली, मॅडम, खातेदाराशी बोलायला द्या, त्यांची जन्मतारीख विचारावी लागेल. मावशीची जन्मतारीख! आधारवाल्यानं तिची एक जानेवारी टाकली होती, गल्लीतल्या अर्ध्या बायकांची टाकली तशी. मी तीच सांगितली. मुलगी म्हणाली, खातेदाराच्या तोंडून पाहिजे. मी म्हणाले, "अहो, ज्यानं चोरलं त्याला तुम्ही तोंड विचारलं नाही, आणि मला विचारता?" ती म्हणाली, तुमच्या तकलीफबद्दल खेद आहे. तसं ती तीन वेळा म्हणाली. मला वाटलं, भीक नको पण कुत्रं आवर.

फोन ठेवता ठेवता मेसेज आला. ऑर्डर पोचली. मावशीच्या नावानं तीन महागडे मोबाईल कुठल्या तरी दूरच्या शहरात कुणीतरी सही करून घेतले होते. मावशीला सही येत नाही. तिच्या नावाची आयुष्यातली पहिली सही कुणी भलत्यानंच केली. मी तांदळाच्या पोत्यावर बसून रडले आणि बाहेर पोरं "बाई, शूला जायचं" म्हणून दार वाजवत होती.

मावशीला जुनाच खोकला आहे. ते दोन दिवस ती खोकली की मी हातातलं काम टाकून रस्त्यापलीकडे कान लावायची. आजवर माझ्या कधी मनात आलं नव्हतं ते सारखं यायला लागलं. ही आज मेली तर? दिराची पोरं पुढं होतील, वर्गणी काढतील, उरकून टाकतील, आणि ज्या एका वाक्यासाठी ती वीस वर्षं कमरेत वाकून निंदत होती तेच वाक्य तिच्या तिरडीमागं कुणीतरी बोलेल. आणि ती मरेल तेव्हा तिला वाटत असेल की सगळी सोय झालेली आहे. हे जास्त वाईट की सांगणं जास्त वाईट, ते मला ठरवता येईना. मला भीती माझ्या नोकरीचीही होती. बायकांच्या कार्डांचे फोटो फोनमध्ये ठेवले, भलत्या लिंकवर भरले, हे वर कळलं असतं तर मला एका कागदावर घरी बसवलं असतं. ही भीती मी इथं मुद्दाम लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी फक्त मावशीसाठीच झुरत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. ती दारात सुपात तूर निवडत बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, लिंकपासून चार आकड्यांपर्यंत. तिचा हात थांबला नाही. खडा सापडला की ती बाजूला टाकत होती.

"समदे?"

"समदे. चारशे ऱ्हायलेत."

ती पुष्कळ वेळ निवडत राहिली. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी सूप खाली ठेवून ती म्हणाली, "म्हंजी आता मला मरता येत न्हाई."

ती हे गमतीत म्हणाली नव्हती. भाकरी करायची तर पीठ संपलंय, तसं म्हणाली होती.

तिच्या दारातूनच मी सायबर पोलिसांच्या हेल्पलाईनला फोन लावला. त्यांनी तक्रार घेतली आणि बँकेत जा म्हणाले. जीपमध्ये बसून आम्ही कळमनुरीला गेलो. वाटेत मी एकच वाक्य पाठ करत होते, "साहेब, ओटीपी मी सांगितला." दुसरं काही बोलायचंच नाही, हे मनाशी पक्कं केलं होतं.

बँकेतले साहेब चांगले होते, हे सांगायलाच हवं. त्यांनी मावशीला खुर्ची दिली, माझा फोन घेऊन सगळे मेसेज वाचले आणि अर्ज काढला.

"आजी, तीन दिवसांच्या आत आलात हे बरं केलं. आता एक गोष्ट नीट सांगा. ओटीपी कुणी सांगितला? तुम्ही स्वतः सांगितला असेल तर बँक काही देत नाही, हे मी आधीच सांगतो. दुसऱ्या कुणी तुम्हाला न विचारता सांगितला असेल तर प्रकरण वर पाठवता येतं. मग त्या माणसाचा जबाब होईल, पोलीस विचारतील, नोकरीत असेल तर तिकडंही कळवावं लागेल. पण मग पैसे परत यायची काहीतरी आशा राहते."

मी तोंड उघडलं.

"म्याच सांगितला," मावशी म्हणाली.

"तुमच्याकडे फोन आहे?"

"हिचा व्हता. ही लेकरांला खिचडी वाढून राहिली व्हती. वाजला, म्या उचलला."

"आजी, तुम्हाला आकडे वाचता येतात?"

"आकडे कुणालाबी येतात साहेब. पैसे मोजत न्हाई व्हय आमी?"

त्या दिवशी ती कळमनुरीत लिंबाखाली बसली होती, हे साहेबांना कुठं माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असंच झालं का ताई?"

मी हो म्हटलं नाही. मान खाली घातली. खाली घातलेली मान हो म्हणूनच धरतात, हे मला ठाऊक होतं. त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली.

साहेबांनी लिहिलं. मग शाईचं पॅड पुढं सरकवलं. मावशीचा अंगठा निंदून निंदून घासलाय, रेषा राहिलेल्या नाहीत, तो एकटा कधी नीट उठत नाही. म्हणून दर वेळी मी तो धरते, थोडा फिरवते आणि दाबते. त्याही दिवशी मीच धरला. कागदावर लिहिलं होतं, 'ओटीपी मी स्वतः सांगितला.' त्याच्याखाली मी तिचा अंगठा दाबला. इतका स्वच्छ तो आधी कधीच उठला नव्हता.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथं तर संन्यासीण स्वतःच सुळावर जाऊन बसली आणि शिडी मी धरली.

स्टँडवर मी तिच्यावर ओरडले. माणसं बघत होती तरी ओरडले. "असं काहून केलंस? येत व्हते की पैसे! साहेब म्हणले ना!"

"साहेब आशा म्हणले. आशेवर बुंदी तळत न्हाईत." ती पदरानं अंगठ्याची शाई पुसत होती. "तुझी नोकरी गेली असती. घरात तीन तोंडं हायत. माझं जेवण गेलं, त्यात तुझं कशाला घालवू?"

मी तिचे पाय धरायला वाकले तर तिनं पाय मागं घेतले.

"माफ केलं असं समजू नको," ती म्हणाली. जीपमध्ये ती माझ्यापासून लांब, पुढच्या सीटवर जाऊन बसली.

दीड महिन्यानं बँकेचं पत्र आलं. मावशीची पत्रं मीच वाचून दाखवते. 'खातेदाराने स्वतः ओटीपी उघड केल्याचे मान्य केल्यामुळे' इथपर्यंत वाचून मी थांबले. ती म्हणाली, "वाच की पुढं." मी पुढं वाचलं. बँक दिलगीर होती. मावशी म्हणाली, "बराबर लिव्हलंय," आणि पत्र घडी करून देवाच्या फळीवर ठेवलं.

माझं मानधन आलं तेव्हा मी तिच्या खात्यावर दोन हजार टाकले. मेसेज माझ्याच फोनवर येणार, तिला कुठून कळणार? पण बाईनं बँकेत जाऊन पासबुक छापलं आणि शिपायाकडून ओळ न् ओळ वाचून घेतली. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या उंबऱ्यावर रुमालात बांधलेले दोन हजार.

"माझ्या तेरवीला तुझा पैसा चालत न्हाई. जावंचं ऐकून वीस वर्सं काढली."

"मी काय बोलून दाखवणार हाय का कधी?"

"तू न्हाई बोलणार. पर मला ऐकू येईल."

मी रुमाल उचलला. मी गल्लीतल्या सगळ्यांना हात जोडून सांगितलं की माझा नंबर काढा. नऊ घरांनी काढला. काहींनी कारण विचारलं, मी खरं सांगितलं आणि त्यांच्या पोरी आता माझ्याशी जरा जपून बोलतात. मावशीनं काढला नाही. मी तिला सेंटरवर न्यायला निघाले तर म्हणाली, "मंग पैसे भरले की मला कोण सांगंल? तूच सांगायचं. तेवढं तरी भोग."

तेव्हापासून ती पुन्हा निंदायला जाते. पंचाहत्तरीची बाई पाठीचा कणा हातानं धरून उभी राहते आणि परत वाकते. लोक म्हणतात, म्हातारीला हाव सुटली. कुणी म्हटलं, मावशी आता बस कर, तर ती म्हणते, "मरायला सवड झाली की बसन." पैसे भरून आली की संध्याकाळी रस्त्यापलीकडून विचारते, "किती झाले गं?" आणि मी मेसेज उघडून आकडा वाचते. आठ हजार. तेरा. एकोणीस. मी वरच्या ओळीही वाचते, सगळ्या, शेवटच्या शब्दापर्यंत. मग आकडा सांगते. त्या आकड्यात कधी एक रुपयाची चूक केली नाही.

या हिवाळ्यात तिचा खोकला छातीत उतरला. दोन दिवस ताप उतरला नाही तेव्हा मी तिला कळमनुरीच्या दवाखान्यात घातलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, औषध देतोय, बाकी त्यांच्या हिमतीवर आहे. ती डोळे उघडत नव्हती. खात नव्हती. मी लोखंडी स्टुलावर बसून होते. दुपारी फोन थरथरला. निराधारचे कितीतरी महिने थकलेले पैसे एकदम जमा झाले होते. मी मेसेज दोनदा वाचला. शिल्लक पन्नास हजारांच्या वर गेली होती.

तीन वर्षं मी या मेसेजची वाट पाहत होते. तो आला की पळत रस्ता ओलांडायचा, तिच्या दारात उभं राहून ओरडून सांगायचं, असं मी कितीदा मनात केलं होतं. आता ती हातभर अंतरावर होती.

फोनचा आवाज तिनं ओळखला असावा. डोळे मिटलेलेच ठेवून तिनं विचारलं, "किती झाले गं?"

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. झाले म्हटलं की ती सुटणार होती. पैसे होईस्तोवर मरता येत नाही हे तिनंच सांगितलं होतं. झाल्यावर काय, ते तिनं सांगितलं नव्हतं, सांगायची गरजच नव्हती. तिचा तो चेहरा सगळं आवरून बसलेल्या बाईचा होता. फक्त माझ्या तोंडून आकडा यायचा राहिला होता.

"एकेचाळीस," मी म्हणाले.

"बराबर वाचलंस?"

"बराबर."

तिच्या छातीतून घरघर येत होती. मग तिनं एक डोळा उघडला.

"म्हंजी नऊ ऱ्हायले अजून." ती कपाळाला आठी घालून कुणावर तरी चिडल्यासारखी म्हणाली, "चहा मिळंल का हितं? साखर घालून आण."

मी चहा आणायला गेले. टपरीवर उभी राहून मी तो मेसेज पुसून टाकला.

आज महिना झाला. ती घरी आली, भाकरी खाते, मागच्या आठवड्यात दोन दिवस हरभरा काढायलाही जाऊन आली. रोज संध्याकाळी विचारते आणि मी एकेचाळीसच्या पुढं फारशी सरकलेले नाही. काल तिनं पासबुक पिशवीत घातलं आणि म्हणाली, बाजारच्या दिवशी बँकेत जाऊन छापून आणते, मला तुझ्यावर भरोसा न्हाई.

मी म्हणाले, "नको जाऊ मावशी. मशीन बंद हाय."